पांढरी फीत, काळी कड

मी, आन्सेल्म क्राइलिंग, वय वर्षे ब्याऐंशी, धंदा जुन्या लष्करी पदकांची पारख, राहणार आल्सफेल्ड, प्रांत हेस, बुद्धी शाबूत असताना, कोणी भरीस घातलेले नसताना आणि सकाळपासून एक घोटही घेतलेला नसताना हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. आमच्या कायद्याला हस्ताक्षर पुरते, साक्षीदार लागत नाहीत. मला लागतात. जन्मभर दाखल्यासकट आलेला खोटा माल पाहिला, आता कायद्यावर किती विसंबू? यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती लिहिली तेव्हा मी फार भिडस्त होतो.

कलम १. अंत्यविधी. आमच्याकडे मेलेल्याची पदके मखमलीच्या उशीवर टाचतात आणि ती उशी शवपेटीच्या पुढे चालवतात. माझ्यापुढे कोणी उशी नाचवू नये. मला पदक नाही. माझा जन्मच अशा सालातला की हिटलरच्या फौजेला मी लहान पडलो आणि नंतरच्या फौजेला थोराड. दोन्ही सरकारांनी मला बोलावले नाही याबद्दल मी दोघांचाही ऋणी आहे. माजी सैनिक मंडळाने बिगूल वाजवू नये. त्यांचा बिगूलवाला सुरात वाजवत नाही आणि मला तेव्हा उठून सांगता येणार नाही.

कलम २. हत्यारे. माझे मोठे भिंग दातांचे डॉक्टर ब्रेख्टेल यांना द्यावे. या गृहस्थांनी एकदा मोठ्या दिमाखात एक पट्टी माझ्या टेबलावर ठेवली. पट्टी म्हणजे ओळीने शिवलेल्या फिती आणि त्यांना लोंबणारी पदके, कोटावर एकदम टाचता येतील अशी. त्या पट्टीवर अठराशे सत्तरच्या लढाईचे पदक होते आणि शेजारीच दुसऱ्या महायुद्धातल्या पाणबुडीचे.

मी म्हटले, "डॉक्टर, हा माणूस पंचाहत्तर वर्षे लढत होता. मधे जेवायला तरी उठला की नाही?"

"अहो क्राइलिंगसाहेब, असं काय करता! थेट त्यांच्या घरातून आलीय. आजीबाई रडत होत्या देताना."

"रडणारच. तुम्ही दिलेले पैसे बघून हसू दाबणं सोपं नसतं."

त्यानंतर डॉक्टर माझ्याशी सहा महिने बोलले नाहीत. ते माझे सुखाचे दिवस होते. भिंग त्यांना मिळाले तरी उपयोग नाही हे मला ठाऊक आहे. बघायचेच नाही असे ठरवलेल्या माणसाला भिंगातून तेच मोठे दिसते.

माझे चुंबक व्यापारी एवाल्ड श्ट्रोमायर याला द्यावे. लोखंडी क्रूस या आमच्या युद्धपदकाचा गाभा लोखंडाचा असतो, त्याला चुंबक चिकटते, एवढे शेंबड्या पोरालाही कळते. श्ट्रोमायरच्या दुकानात लोखंडी क्रूसांची रास आहे. त्याने हे चुंबक त्या राशीवरून एकदा फिरवावे. काही चिकटले तर मला कळवावे, मी असेन तिथे. हिटलरी चिन्हावर किमतीचा चिकट कागद लावायचा, कारण कायदा ते उघडे ठेवू देत नाही, आणि गिऱ्हाईक आले की नखाने तो कागद हळूच उचलून दाखवायचा, हा त्याचा धंदा. तमाशातला पडदा वर करावा तसा उचलतो मेला! मला त्याचा वीट आला आहे.

कलम ३. घर. माझे राहते घर, त्यातील चीजवस्तूंसह, आणि बँकेतील शिल्लक माझी भाची गेझीने हिच्या नावे करावी. ती माझ्या थोरल्या बहिणीची, कै. इर्मट्राउडताईची मुलगी. काडीमोड झाल्यापासून ती वरच्या मजल्यावर राहते, वृद्धाश्रमात पाळ्या करते आणि उरलेल्या वेळात मला सोसते. तिला दुसरे छप्पर नाही.

मात्र एका अटीवर. तिचे वडील, म्हणजे माझे दाजी, निवृत्त कर्नल हार्टविग लोहाउस, यांनी येत्या रविवारी, युद्धात मेलेल्यांच्या शोकदिनाच्या सभेत, माझ्या वडिलांबद्दल खरे ते सांगावे. सांगितले तर घर गेझीनेचे. नाही सांगितले तर घर विकून सगळा पैसा भटक्या मांजरांच्या संस्थेला द्यावा. मांजरे निदान पदके लावत नाहीत.

कलम ४. ही अट का, ते लिहून ठेवतो, म्हणजे मागाहून कोणी मला विक्षिप्त म्हणून मोकळे होणार नाही.

माझे वडील फाइट क्राइलिंग रेल्वेत इंजिनावर कोळसा मारत. पहिल्या महायुद्धात ते जखमींच्या गाडीवर होते. एका स्टेशनात शेजारच्या रुळावरून ढकललेला दारूगोळ्याचा पेटता डबा त्यांच्या गाडीला येऊन भिडला आणि त्याची साखळी अडकली. बाकीचे पळाले. वडिलांनी ती लाल झालेली साखळी उघड्या हातांनी सोडवली आणि जखमींची गाडी पुढे निघाली. त्यांची बोटे पुढे कधीच पुरती मिटली नाहीत. आम्ही मुले होतो तेव्हा ते चमचा मुठीत धरून सूप पीत, आणि आम्ही तसेच पिऊन दाखवले की आई आमच्या पाठीत धपाटा घाली.

त्यांना लोखंडी क्रूस मिळाला. क्रूस सगळ्यांना एकच असे, फरक फक्त फितीचा. लढणाऱ्याला काळी फीत, कडेला पांढरी रेघ. न लढता कामगिरी करणाऱ्याला पांढरी फीत, कडेला काळी रेघ. वडिलांची पांढरी होती. शेजारी दुसरे पदक आमच्या हेस संस्थानाचे. गावात पांढऱ्या फितीवाल्याला लोक मागून हसत. कचेरीत बसून पेन्सिली तासल्या असतील म्हणत. वडील ऐकून घेत आणि पट्टी कपाटात ठेवत.

एकसष्ट साली ते गेले. हार्टविगदाजी तेव्हा नव्या फौजेत नवे लेफ्टनंट. गोळी कशी सुटते ते मैदानावर पाहिलेले, लागते कशी ते कुठेच नाही. सासऱ्याच्या अंत्ययात्रेला त्यांचे वरिष्ठ येणार होते. पांढरी फीत उशीवर कशी मिरवायची? गृहस्थाने आदल्या दिवशी पट्टी उसवली, पांढरी फीत आमच्याच चुलीत घातली आणि काळी शिवली. तीही आरशासमोर उभे राहून, छातीला लावून बघत बघत! पट्टीवरचा पहिला मान लावणाऱ्याच्या उजव्या हाताला असतो. यांनी आरशातला उजवा धरला. म्हणजे लोखंडी क्रूस शेवटी आणि संस्थानाचे पदक आधी. फौजेत पुढे कर्नल झालेला माणूस हा! डावा-उजवा पाय कसा ओळखत होता देव जाणे.

उशी दारातून बाहेर निघाली तेव्हा आईने ती थांबवली.

"हे कुणाचं आणलंत?"

दाजी खालच्या आवाजात म्हणाले, "आई, बाबांचंच आहे. चला, लोक बघताहेत."

"ह्यांची पांढरी होती. काळी कशी झाली?"

"अहो आई, पांढरी बघून लोक काय म्हणतील? मी त्यांची शान राखलीय."

"त्यांनी माणसं वाचवली, हार्टविग. तू त्यांना मारेकरी केलंस."

कर्नलसाहेबांनी ते ऐकले नाही असे दाखवले. तो त्यांचा खरा हातखंडा. उशी पुढे गेली, आई मागे राहिली. ती कबरस्तानात आलीच नाही. त्यानंतर माझ्या बहिणीच्या घरी तिने पाण्याचा थेंब घेतला नाही. मी पदकांच्या धंद्यात पडलो तो त्या दिवसामुळे.

ती पट्टी तेव्हापासून दाजींच्या दिवाणखान्यात. दर नाताळाला गोष्ट वाढत गेली. आधी वडील नुसते आघाडीवर होते, मग वेर्दूंच्या खंदकात उतरले, अलीकडे त्यांनी हातबॉम्ब टाकून सात फ्रेंच उडवले. आता ती पट्टी मंडळाच्या सभागृहात कायमची काचेत लागणार, खाली पितळेची पाटी: 'खंदकातील वीर.' पाटी तयार आहे, मी पाहून आलो. माझा बाप पितळेत खोटा होणार, आणि तो लोकांना मी मेल्यावरही दिसत राहणार. म्हणून ही अट. इथवर सोमवारी लिहिले.

कलम ३ मधील दुरुस्ती, बुधवारी. अट मी माझ्या हाताने खोडली आहे. खोडलेल्या जागी माझी सही आहे.

कारण असे की मृत्युपत्र मी टेबलावर उघडे टाकले होते आणि गेझीने कॉफी घेऊन आली. वाचले तिने. कप इतक्या जोरात आदळला की बशी फुटली.

"मामा, हे काय लिहिलंय?"

"वाचता येतं ना तुला?"

"माझ्या डोक्यावरचं छप्पर घेऊन तुम्ही बाबांची मान पिरगाळताय! बाबांनी आजोबांना उशीवर टाचलं, तुम्ही गहाणखतात टाचताय. सांगा, फरक काय?"

"फरक असा की मी खरं सांगतोय."

"खरं सांगणाऱ्याला ओलीस लागतं का हो? नको मला तुमचं घर. द्या मांजरांना. मीच बघते कुठे खोली मिळते का."

मी पुष्कळ बोललो. कपाटातल्या पदकांच्या खोक्यांकडे बोट दाखवून शपथा घेतल्या. ती जिना चढून गेली. वर तिने बॅग ओढल्याचा आवाज आला तेव्हा मी पेन उचलले. मला त्या पोरीवाचून राहता येत नाही, हे इथे लिहून ठेवतो, कारण तोंडाने ते माझ्याच्याने सांगवणार नाही. घर विनाअट तिचे. आता वडिलांसाठी माझ्या हातात काहीही उरले नाही.

कलम ५. सोमवारी, म्हणजे शोकदिनाच्या दुसऱ्या दिवशी जोडलेले.

रविवारी सकाळी दाजी स्वतः दारात. मंडळाचा निळा कोट, छातीवर खुर्ची सांभाळल्याबद्दल मिळालेली चार पदके, चेहरा उकडलेल्या बीटासारखा.

"गेझीने कुठाय? काल आली, भिंतीवरची पट्टी काढून घेऊन गेली! तिकडे सगळं गाव जमलंय आणि इथे माझ्या हातात रिकामी चौकट!"

गेझीने स्वयंपाकघरातून आली. बोटाला चिकटपट्टी, हातात वडिलांची पट्टी. काळी फीत गेली होती. तिच्या जागी पांढरी, कडेला काळी रेघ, आणि क्रूस पुन्हा पहिल्या जागी. टाके वेडेवाकडे, सुई बोटात घुसल्याचा एक तपकिरी ठिपकाही होता.

ती म्हणाली, "ही न्या बाबा. नाहीतर रिकामी काच दाखवा."

मी विचारले, "फीत कुठली घेतलीस? माझ्या खणात अस्सल पांढऱ्या फितींची भेंडोळी पडलीत, मागायचं तरी."

"त्या दुसऱ्या कुणाच्या छातीवरच्या आहेत, मामा. ही मी आजोबांसाठी शिवलीय. भेटवस्तूला बांधायची फीत आणि काळा दोरा."

दाजी मटकन खुर्चीत बसले. "आन्सेल्म, तू तरी सांग हिला. लोक हसतील रे मला. इतकी वर्षं मी..."

या क्षणासाठी मी अठ्ठावन्न वर्षे भाषण घोकले होते. एकेक शब्द घासून ठेवला होता. समोर बघतो तर एक म्हातारा, लेकीकडे बघायची हिंमत नाही. मला त्याची कीव आली नाही, तसे कोणी समजू नये. पण भाषणही आले नाही.

त्यांनी पट्टी हातात घेतली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली. मग हळूच विचारले, "हिची पहिली बाजू कुठली?"

मी उठलो आणि त्यांच्या तळहातावर ती नीट फिरवून ठेवली. ते गेले.

सभेला मी गेलो नाही. गेझीने गेली होती. दाजी माइकसमोर उभे राहिले म्हणे. मग म्हणाले की, माझे सासरे इंजिनावर कोळसा मारत, त्यांनी कोणाला मारले नाही, त्यांनी गाडी वाचवली, आणि ही फीत मी बदलली होती. एवढेच. स्टेशनाचे नाव चुकीचे सांगितले आणि सालही. कर्नलकडून अचूकपणाची अपेक्षा मी कधीच सोडली आहे. मागच्या रांगेत कोणीतरी हसले, आणि हसणारे डॉक्टर ब्रेख्टेल होते, तरी भिंग त्यांना देण्याचे मी रद्द करत नाही. त्यांना त्याची गरज वाढली आहे. पितळी पाटी काढली आहे. पट्टी काचेत आहे.

कलम ६. शेवटचे. माझ्याकडे एक जांभळा दिवा आहे, जो अजून कोणालाच दिलेला नाही. अंधारात त्याचा झोत टाकला की जुनी सुती-रेशमी फीत काळीठिक्कर राहते आणि हल्लीचा धागा निळा-पांढरा पेटून उठतो. या दिव्याने मी शेकडो लबाड उघडे पाडले. भल्याभल्यांचे चेहरे त्या उजेडात पडलेले पाहिले, आणि खोटे कशाला बोलू, मला त्यात मजा येई.

काचेतल्या त्या पट्टीवर उद्या कोणी शहाणा असा दिवा मारेल. तो श्ट्रोमायर तर नक्कीच मारेल. ती फीत लखलखेल. दुकानातली, नायलॉनची, चार दिवसांची फीत, मी स्वतः तिला कचऱ्यात फेकली असती.

म्हणून मी, कोर्टाने नेमलेला पारखी, माझ्या नावावर आणि शिक्क्यावर लिहून देतो की आल्सफेल्डच्या सभागृहातील फाइट क्राइलिंग यांची पट्टी अस्सल आहे. माझ्या पश्चात माझा दिवा कोणालाही देऊ नये. तो गेझीनेने अंगणात नेऊन हातोडीने फोडावा.

हे सर्व मी समजून उमजून लिहिले, वाचले आणि खालील दोघांसमोर सही केली.

आन्सेल्म क्राइलिंग (सही)

साक्षीदार:
१. ओटिलिए व्हेन्त्सेल, शेजारीण (सही)
२. हार्टविग लोहाउस, जावई, कै. फाइट क्राइलिंग यांचे, इंजिनावर कोळसा मारणारे (सही)

आल्सफेल्ड, दिनांक १८ नोव्हेंबर २०१९