खुंटीवरची कुंची

अहो,

भाकरी दुरडीत हाय. दिवस मावळायच्या आत जेवा, माझी वाट बघू नका.

मानमोडीच्या साथीतल्या आजाऱ्यांसाठी बस्तीच्या देवळात पेज शिजते, तिथं सकाळी जोंधळ्याचं पोतं दिलं आणि कामाला बसले. पोतं ठेवून घेतलं. पण आपल्या बाळाचं सुतक फिटलं न्हाय म्हणून बायकांनी मला चुलीपासनं उठवलं. दाण्याला सुतक न्हाय, माझ्या हाताला तेवढं हाय.

परत येताना लालासाब पिंजाऱ्याच्या दारात थांबले. त्याची बायको नजीरा परवा बाळंत झाली आणि मानमोडीनं गेली. लेकरू शेळीचं दूध ओकून टाकतंय. माझ्या अंगावर अजून दूध येतंय, हे तुमास्नी मी सांगितलं नव्हतं. त्याला पाजलं. पोटभर प्यालं आणि झोपलं. थोडे दिवस तिथंच राहीन म्हणते. गल्ली काय बोलंल ते बोलू दे.

पहाटं गारठा पडतोय, लेकराच्या अंगावर धड फडकं न्हाय. आपल्या बाळाची कुंची खुंटीला हाय. आत्ता न्यायला म्हणून दोनदा हात लावला, मला काढवली न्हाय. तुमच्यानं झालं तर घेऊन या.

धुऊ नका. तशीच आणा.

त्रिशला