खडकाचा फोटो आणि बेशिस्त ऊन

२ एप्रिल १९५७, वाशीम
ठरलं. नागपूरच्या एका मासिकानं ‘पराक्रम’ या विषयावर फोटो मागवलेत. बाकीचे सगळे कुस्त्यांचे फोटो पाठवतील. त्यामुळे बक्षीस मलाच.
मानोऱ्याकडच्या एका तांड्यावर दरसाल एक गडी उभा खडक दोराशिवाय चढतो आणि माथ्यावर देवीचा नवा पांढरा झेंडा लावतो. हे आजवर कुणी फोटोत पकडलेलं नाही. मी पकडणार. नवरा-नवरीच्या जोड्या काढून काढून शिसारी आलीय. कॅमेरा दिसला की सगळे पोट दुखल्यासारखं तोंड करतात.
उजेड मोजायचं लाईट मीटर नाही. नको. माझा डोळा हाच मीटर.

५ एप्रिल
शेजारचा फ्रेमवाला फय्याज म्हणाला, “मैं भी आता, मास्टर.” नको म्हटलं. म्हणजे तो येणार.
संकल्प: तीन दिवस चिडायचं नाही.

७ एप्रिल, तांड्यावर
मोटरीत मांडीवर कुणाची तरी कोंबडी. चिडलो.
खडक पाहिला. किळसवाणा खडक. तोंड पश्चिमेला आणि चढाई सकाळी. म्हणजे सूर्य खडकाच्या मागे आणि सरळ माझ्या लेन्समध्ये. तांड्याचे नायक दौलतसिंग यांना सुचवलं की चढाई दुपारी ठेवा. ते म्हणाले, “दुपारी दगड तवा होते. तुमीच पाय ठेवून पाहा.” कलेची कदर कुठेच नाही.
दरसाल चढणारा गडी भेटला, नाव हेमला. काय मिशा, काय दंड! पराक्रम म्हणजे हाच. पण गुडघा सुजून भोपळा झालाय. त्याचा मुलगा अकोल्याला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला, त्याला सुटी नाही. मग झेंडा कोण लावणार? तर म्हणे सून, रूपाबाई. नायकांनी हो म्हटलंय. आजवर कुणी बाई त्या खडकावर चढलेली नाही.
हेमला भडकलाय. म्हणाला, “ते चढन तं मी पाठ करून बसीन. पाह्यणार नाही.” मी पूर्णपणे त्याच्या बाजूनं. बाई चढली तर माझ्या मिशांचं काय?
रूपाबाईला विचारलं, कशाला चढते? ती म्हणाली, “झेंडा नाही लागला तं मामाजी वर्षभर जेवणार नाही नीट. मले माहीत आहे.” विषयाला सोडून उत्तर.

८ एप्रिल, दुपार
वैताग. क्रमानं लिहितो.
पहाटेच जागा धरली. खडक काळा ठिक्कर, वरचं आभाळ पांढरं फटक. खडकाचा उजेड धरावा तर फोटोत आभाळ जळतं, आभाळाचा धरावा तर खडक काळा पडतो. तरी मी शांत होतो.
रूपाबाई निघाली. पाठीला झेंडा बांधलेला, घागऱ्याला सगळीकडे आरसे. प्रत्येक आरसा माझ्या डोळ्यात. आरशाचे कपडे घालून कुणी फोटोला उभं राहतं का? फय्याज म्हणाला, “मास्टर, वो फोटो के लिए नहीं चढ रही.” फिल्म मी हेमलाच्या चढाईसाठी राखून ठेवली. ती घाबरून परत येईल, मग नायक हेमलालाच चढवतील, असा माझा अंदाज होता.
ती परत आली नाही. चढतच राहिली. सूर्य नेमका खडकाच्या माथ्यावर आला. चार फोटो उन्हाच्या अंदाजानं काढले. पाचव्याला लेन्सवर धूळ. मी रुमालानं पुसत होतो तेव्हा सगळा तांडा एकदम गप्प झाला. तिचा पाय सुटला होता म्हणे. हातांवर लोंबकळत होती. मी वर पाहिलं तेव्हा तिनं पाय परत रोवले होते. हा क्षण मला कुणी सांगायला नको? मागे वळून लोकांना म्हणालो की धूळ उडवू नका, आणि त्या रागात बटण दाबलं गेलं. तोही फोटो वाया.
झेंडा लागला. बाया रडल्या. मी रोल संपवला.

१२ एप्रिल
रोल धुतला. खडकाचे सगळे फोटो काळे. नीट पाहिलं तर हे कलात्मक काळे आहेत. एक मासिकाला पाठवला. नाव दिलं ‘पराक्रम: एक छाया’. परीक्षकांना समज असेल तर प्रश्नच नाही.
चुकून निघालेला फोटो फय्याजनं मागितला. गर्दीच्या तोंडावर सकाळचं ऊन, सगळे वर पाहतायत. फोकस सैल. कागद वाया घालवून दिला.

२१ एप्रिल
रूपाबाई आणि हेमला माझ्या फोटोच्या दुकानात आले. झेंड्याचा फोटो मागितला. दाखवला. तिनं उभा-आडवा करून पाहिला.
“यात मी कोठी हाव?”
बोट ठेवून दाखवलं.
“हा तं डाग आहे, भाऊ.”
छायेचं महत्त्व सांगायला घेतलं, तोवर फय्याज तो गर्दीचा फोटो फ्रेम करून घेऊन आला. त्यात पुढेच हेमला. सुजल्या पायावर उभा, तोंड वर, दोन्ही हात पुढे पसरलेले. वरून काही पडलं तर झेलायला धरतात तसे.
रूपाबाई म्हणाली, “मामाजी, तुमी तं पाठ करून बसले होते.”
हेमला रस्त्याकडे पाहत म्हणाला, “बसलो होतो. मान दुखली म्हून फिरलो.”
ती पदर तोंडाला लावून तिथंच खाली बसली. तोही गुडघा धरत धरत तिच्या शेजारी टेकला. मी सांगितलं की फोकस सैल आहे. कुणी ऐकलं नाही.
फोटोच्या तळाशी पांढऱ्या शाईत माझं नाव होतं. फोटो कसाही असो, नाव मी टाकतोच. निघताना रूपाबाई संकोचून म्हणाली, “भाऊ, मामाजीच्या पायाखाली तुमचं नाव बरं नाही दिसत. काढता येईन का?”
फय्याजनं फ्रेम उघडली, नावाची पट्टी कापली, फ्रेम परत बंद केली.
कात्री माझ्याच टेबलावरची होती. मीच दिली.