पांढरी पट्टी सोडू नका

८ जानेवारी, सकाळ
ठराव : आजपासून गँगवर ओरडायचं नाही. सुपरवायझर शांत असला की माणसं आपोआप मानतात. काम शिरपूरहून येणाऱ्या आतल्या रस्त्याचं. बाजूच्या पट्ट्या पुसट झाल्यात, त्यांच्यावरच नवा पांढरा रंग ओढायचा. सोपं आहे. तरी अनुभव लागतोच.

दुपार
नाल्याजवळ जुना वळणरस्ता ड्रम लावून बंद केलेला. मशीन ढकलणारा सुकलाल म्हणाला, भाऊ, आते नवा पूल व्हयी गया. मी विचारलं, जुनी पट्टी कुठे जाते? वळणाकडे. मग तिकडेच मार. ड्रम हटवायला लावले. थोड्या वेळाने म्हणाला, भाऊ, म्होरे रस्ताच नही शे. पावसाळ्यात वाहून गेला म्हणे. मी म्हटलं, मग तिथे थांब. शांतपणे म्हटलं.
नाल्यापलीकडेही जुनी पट्टी सापडली, तीही मारली. पुलावर जुनी पट्टीच नाही, त्यामुळे पूल कोरा.

संध्याकाळ
ओल्या रंगावर काचेचे बारीक मणी भरपूर टाकले. गाडीच्या लाइटमध्ये पट्टी झकास चमकते, पार नाल्याच्या काठापर्यंत. सुकलाल ड्रम परत लावत होता. नको म्हटलं, नव्या पट्टीवर ओरखडे पडतात. तो म्हणतो पट्टीवर काळा रंग मारू. उद्या बघू. या रस्त्याला रात्री असतं कोण?
मेघा शिरपूरहून, माहेरून उद्या पहाटे निघतेय, भाऊ नवलच्या मोटरसायकलवर. सासऱ्यांना माझं काम म्हणजे रांगोळी वाटते. फोनवर मेघाला सांगितलं, धुकं असलं तरी घाबरू नका, फक्त माझी पांढरी पट्टी सोडू नका.

९ जानेवारी, पहाटे
देवपुरात समोरचं घर दिसत नाही, एवढं धुकं. मेघाचा फोन आला. वाटेत थांबलेत. काहीच दिसत नाही, पण तुमची पट्टी छान दिसतेय म्हणाली. सासऱ्यांना कळवायला हवं.

जरा वेळाने
चहा ओतताना नाला आठवला.
फोन उचलत नाही. गाडीवर असेल. नवलही उचलत नाही. नुसता जाऊन बघून येतो.

दुपार
डाव्या हाताने लिहितोय. उजवा प्लास्टरमध्ये.
पट्टी धरून गेलो आणि गाडीसकट थेट नाल्यात. पाणी गुडघाभर. पलीकडून मोटरसायकलचा आवाज जवळ येत होता. मी ओरडत सुटलो. आयुष्यात इतकी भीती वाटली नव्हती.
नवल म्हणतो, दाजी, खाली तुमचा लाइट दिसला म्हणून ब्रेक मारला. पुढचं चाक अगदी काठावर होतं.
मेघाने खाली बघून एवढंच विचारलं, ही पट्टी कोणी मारली?
सुकलालचं नाव तोंडावर आलं होतं. पण धुकं बघून ड्रम लावायला तोच आपणहून धावत आला होता. म्हटलं, मीच.