डुगडुगतं टेबल आणि कलम अकरा

१० जून २०२४
आजपासून रोजनिशी. खटला लढणाऱ्या माणसाने लिहायला हवी. सोलापूर कोर्टासमोर माझं झेरॉक्स-टायपिंगचं दुकान, इतकी वर्षं लोकांचे दावे टाइप केले की आता निम्मा वकील झालोय. राहिला फक्त काळा कोट.
प्रकरण असं. कुंभारीच्या रस्त्यावर गौसचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप. जुना दोस्त. त्याने दुकानासाठी लोखंडी टेबल करून दिलं. टेबल डुगडुगतं. गौस म्हणाला, अण्णा, टेबल सरळ हाय की, तुमची फरशी उतरती हाय. पायाखाली पत्रा सारतो, झालं.
मी म्हटलं, करार वाच. करार मीच केलेला, एका बिल्डरच्या जुन्या करारावरून. टेबलाला कसला करार, म्हणून तो तेव्हा लई हसला होता, पण माझ्या शब्दाखातर सही केली. कलम अकरा : वाद कोर्टात गेल्यास हरणाऱ्याने जिंकणाऱ्याच्या वकिलाची फी भरावी. याला दूरदृष्टी म्हणतात.
उद्याच दावा ठोकणार.

१४ जून
ठोकला. (मध्ये प्रिंटरची शाई संपली होती.) वकील लावणार नाही, मीच बोलणार. राजेश्वरीचं म्हणणं, गौसभाई रोज चारला चहाला येतात, त्यांना कोर्टात ओढणार? बायकोला सांगितलं, मैत्री वेगळी, कलम वेगळं.
चारला गौस आला. चहा झाला. दाव्याचं काही बोललो नाही, समन्स रीतसर पोस्टानेच गेलेलं बरं. लाज वगैरे वाटली नाही. मान खाली होती ती घाईमुळे.

२ जुलै
समन्स पोचलं असावं. गौस आला नाही. सवयीने दोन चहा मागवले होते. दोन्ही मीच प्यालो. ॲसिडिटी.

२० ऑगस्ट
पहिली तारीख. गौसतर्फे वकील कोण, तर शगुफ्ता! त्याची पोरगी. सनद नवी, कोट नवा, बाह्या बोटांपर्यंत. लॉ कॉलेजच्या प्रवेशाचे तिचे सगळे फॉर्म मीच भरून दिले होते, फुकट. मोठी वकील हो, असंही म्हणालो होतो. माझ्यासमोरच व्हावं, असं म्हणालो नव्हतो.
सलाम काका, म्हणाली. मी कायदेशीर मान हलवली. नंतर जिन्यात जरा वाईट वाटलं. जिनाही फार उंच आहे तिथला.

१४ डिसेंबर
लोक अदालत. गौस म्हणाला, पाय बदलून देतो, वर थोडे पैसे परत देतो, पण मिटवा अण्णा, चार वाजता करमत न्हाय. शगुफ्ता म्हणाली, कोर्टाचा खर्च ज्याचा त्याने सोसावा. सगळे माझ्याकडे बघू लागले. हो म्हणायला तोंड उघडलंच होतं. पण कलम अकरा आठवलं.
मी म्हटलं, आणि माझ्या वकिलाची फी? पॅनेलवरच्या बाईंनी विचारलं, वकील कोण तुमचे? मी म्हटलं, मीच. पावती पुढे केली : विरुपाक्ष यांजकडून फी पोचली, सही विरुपाक्ष. वर रेव्हेन्यू स्टॅम्प. कामात कसूर नको.
हशा झाला. शिपाईसुद्धा हसला. गौस हसला नाही, माझ्यासाठी तोच ओशाळल्यासारखा खाली बघत बसला. ते जास्त लागलं.
समझोता फिसकटला. घरी सांगितलं, जवळजवळ जिंकलो.

६ मार्च २०२५
कोर्टाने नेमलेला कमिशनर टेबल तपासायला आला. उतार बघायची पाणसळ टेबलावर ठेवली, मग फरशीवर. मग टेबल बाहेर रस्त्यावर काढायला लावलं. तिथे ते हललं नाही. सोलापुरातला रस्ताही कधी कधी सरळ असतो, हे मी विचारात घेतलं नव्हतं.
टेबल आत आणताना त्याच्या पायाखाली मी सारलेली कागदाची घडी कमिशनरने उचलली. माझ्याच दाव्याची जादा प्रत. उभ्या उभ्या वाचत बसला. चहा विचारला. नको म्हणाला. समोरचा पानवाला गिऱ्हाईक सोडून बघत होता. शटर अर्धं ओढून घेतलं. ऊन फार होतं.

१७ जुलै
निकाल. दावा फेटाळला. साहेब म्हणाले, जो स्वतःच स्वतःसाठी बोलला त्याला वकील फी मिळत नाही. चांगला समझोता वादीने केवळ फीपायी मोडला. आणि कलम अकरा वादीनेच घातलंय, तर ते वादीनेच पाळावं. गौसच्या वकिलाची फी मी भरायची.
हा करार टाइप कोणी केला, असं साहेबांनी विचारलं. हात वर केला, शाळेतल्यासारखा.
अपील करणार. उद्याच.

१८ जुलै
अपील टाइप करायला बसलो. टेबल डुगडुगलं. उठलो.

२५ जुलै
फी भरली. अपील नाही. तब्येतीच्या कारणाने.

२८ जुलै, दुपारी चारनंतर
शगुफ्ता आली, हातात खोका. म्हणाली, काका, पहिल्या कमाईचे पेढे. अब्बा म्हणाले, पहिला पेढा अण्णांना, तुझे फॉर्म त्यांनी भरलेत.
कमाई कोणाच्या खिशातून आली, ते आम्हा दोघांनाही माहीत. पेढा तोंडात टाकला. लाज वाटली. खरंच फार वाटली.
अब्बा कुठे, विचारलं. म्हणाली, बाहेर गाडीवर बसलेत, अण्णांनी बोलावलं तर येतो म्हणाले. दारात गेलो. हाक मारायची होती, जमली नाही. नुसताच उभा राहिलो. गौस उतरून आला. खिशातून पत्र्याचा तुकडा काढला, खाली बसला, माझा दावा बाजूला काढून तिथे पत्रा सारला. टेबल गप्प झालं.
चहा आला. गौसने विचारलं, ह्या पत्र्याला करार नको न्हवं, अण्णा?
मी मान खाली घालून त्याच्या कपात चहा ओतला. घाई नव्हती.