उमेदवार नंबर एक

५ जानेवारी १९३१, सोमवार
आज कचेरीत वर्ष पुरं झालं. हुद्दा: उमेदवार. गावाकडची माणसं उमेदवार म्हणजे फुकट राबणारा असं समजतात. अडाणीपणा, दुसरं काय! उमेदवार हा सरकारी नोकरच. फक्त त्याचा पगार मागाहून सुरू होतो. कुणी पेन्शनीत गेला, बदलून गेला किंवा (देव न करो) वर गेला, की खालचे एकेक पायरी चढतात आणि शेवटच्या खुर्चीत यादीतला पहिला उमेदवार बसतो. पहिला म्हणजे मी. माझ्याबरोबरचे दोघे कंटाळून मुंबईला गिरणीत गेले. दम नाही लोकांना.
यादी अव्वल कारकून दत्तात्रेयपंतांच्या पेटीत कुलपात असते. मी ती पाहिलेली नाही. आपलाच नंबर पहिला असताना यादी बघायला मागणं हलकेपणाचं दिसतं.
गेल्या साली अर्ज दिला तो दिवस आठवला. अर्जाला एक आण्याचा स्टँप लागतो. पंत म्हणाले, लावा हो सवडीनं, तुम्ही काय परके आहात? त्या आण्याची भजी खाल्ली. उत्तम होती.
संकल्प: या वर्षी पगार घेणे. बायकोला, कोकिळेला, थळहून आणणे.

११ जानेवारी, रविवार
सासुरवाडीला जाऊन आलो. काळा कोट थळच्या वेशीपर्यंत हातावर, वेशीपासून अंगात. सासरे भागोजी वाडीत नारळ सोलत बसले होते. कोट बघून उठले नाहीत. पारख लागते त्याला. पगार सुरू झाला का, म्हणून विचारलं. मी ग्रेड समजावून दिली. सुरुवात अमुक, दरसाल बढती अमुक, शेवटी पेन्शन. सगळं ऐकून घेतलं नि म्हणाले, ह्ये कागदावरचं झालं, हातात काय पडतं? मग नेहमीचं पालुपद: पहिला पगार दाखवा नि लेकीला न्या, तवर ती हितंच र्‍हाईल. दिवाळीपासून हेच चाललंय.
कोकिळा पाणी घेऊन आली. हळूच म्हणाली, तेवढं लवकर करा काय ते. तांब्या जरा जास्त वेळ धरून ठेवला तिनं. येताना वाट फार लांबली. (ही ओळ खोडणे.)

१९ फेब्रुवारी
पंतांच्या घरी वालाच्या डाळिंब्या सोलल्या. परातभर. लोकांना वाटतं सरकारी काम म्हणजे टेबल. टेबल हा कामाचा फार थोडा भाग. आज साल काढता काढता ध्यानात आलं, की बाकीचे कारकून पंतांच्या ओटीवर थांबतात आणि मला थेट स्वयंपाकघरात प्रवेश आहे. याचा अर्थ उघड आहे.
संकल्प: नखं थोडी वाढवणे.

२७ मार्च
पंतांना खोकला. वय चोपन्न, डिसेंबरअखेर पेन्शन. पण खोकला ऐकून वाटलं, डिसेंबरपर्यंत थांबावं लागणार नाही. तरी मी स्वतः बाजारातून ज्येष्ठमध आणून दिलं. मन मोठं लागतं अशा वेळी.
संध्याकाळी त्यांच्याकडे पांढऱ्या कांद्याच्या चार माळा पोचवायच्या होत्या. गळ्यात घालूनच निघालो. वाटेत कोंडाजी पट्टेवाला भेटला. म्हणाला, रावजी, लगीन हाय का कांद्यांचा बाजार? याला पगार मिळतो ना, म्हणून तोंड सुटलंय.

२९ मार्च
पंतांचा खोकला साफ गेला. ज्येष्ठमधाची घाई झाली.

२४ एप्रिल
पंतांच्या मेव्हण्याची ट्रंक आणायला रेवस बंदरावर गेलो. तिथे अब्दुस्समद शेटची वखार आहे, तांदूळ नि कौलांची. शेटनी बोलावून घेतलं. म्हणाले, रावजीभाई, माझे डोळे गेले आता. तुमचं अक्षर मोत्यासारखं. वखारीत बसा, चिठ्ठ्या लिहा, माल उतरला की नोंद करा. पहिल्या तारखेला पगार हातावर, इन्शाल्ला.
मला हसूच आलं. विचारलं, पेन्शन? ते म्हणाले, पेन्शन कसली, काम करील तो खाईल. ऐका! प्रायव्हेट नोकरी ती ही अशी. नम्रपणे नाही म्हटलं. ते म्हणाले, घाई नाही, दिवाळीपर्यंत खुर्ची तुमचीच समजा.
परत येऊन पंतांना ही गंमत सांगितली. पंतही खूप हसले. मग विचारलं, देतो किती म्हणाला? सांगितलं. मग विचारलं, वखारीत वारा येतो का?

१२ जून
आज एक ठाम निर्णय दिला. सोनाबाई नावाची म्हातारी आली होती. तिचा मुलगा मोरू फायनल पास झालाय, त्याचा उमेदवारीचा अर्ज घेऊन. अर्जावर स्टँप नाही! मी नियम वाचून दाखवला. बिनस्टँपाच्या अर्जाची सरकार दखल घेत नाही. बाई म्हणाली, बाबा, आता आना न्हाय, फुडल्या बाजाराला लावते. मी म्हटलं, पुढचा बाजार नाही नि मागचा नाही. ती पायरीवर बसली, पदराखालची कोंबडीची अंडी तिथंच येणाऱ्याजाणाऱ्याला विकली, स्टँप आणला आणि थुंकी लावून माझ्यासमोर चिकटवला. मी अर्ज नोंदवून पंतांच्या पेटीत टाकायला दिला.
शिस्त कुणीतरी लावायला हवी. पंतांना हे जमत नाही.

३ जुलै
मोरूला आवकजावकची नोंद शिकवतो. पोरगा चलाख आहे. मला रावजीदादा म्हणतो. माझ्या हाताखाली चांगला कारकून होईल. डाळिंब्या मात्र त्याला सोलू दिल्या नाहीत. काही गोष्टी सीनियर माणसाच्याच हातात राहाव्यात.
कोकिळेचं पोस्टकार्ड: "तुम्ही येणार कधी? बाबा विचारीत नाहीत. मी विचारते." शुद्धलेखन चांगलं आहे तिचं. उत्तर पाठवलं की प्रकरण विचाराधीन आहे.

२१ ऑगस्ट
कचेरीत जुन्या कागदांची सफाई. काम माझ्यावर सोपवलं, यावरून मामलेदारसाहेबांचा विश्वास दिसतो. कोपऱ्यात एक गठ्ठा होता, वर लिहिलेलं: स्टँप नसलेले अर्ज. कोंडाजी म्हणाला, येकदा सोडून तर बघा. मी म्हटलं, जो कागद सरकारच्या लेखी नाहीच, तो बघायचा काय? गठ्ठा जाळण्याचा हुकूम माझ्या सुंदर अक्षरात लिहून काढला, साहेबांची सही घेतली आणि तो गठ्ठा खानावळीत नीराबाईंना दिला. बाबा गावाहून तांदूळ पाठवतात त्यावर नीराबाई मला जेवू घालतात, त्यामुळे त्यांच्या बंबाला थोडं सरपण देणं माझं कर्तव्यच होतं.
महिनाभर पाणी कोमटच मिळत होतं. आज कढत आंघोळ. अधिकार असा वापरावा.

१६ ऑक्टोबर
पंतांनी बंद पाकीट दिलं. अब्दुस्समद शेटना नेऊन द्या, म्हणाले, महत्त्वाचं आहे, दुसऱ्या कुणावर भरवसा नाही. रेवसपर्यंत चालत गेलो. शेटनी वाचलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा वाचलं. म्हणाले, रावजीभाई, तुमचा विचार पक्का ना? मी म्हटलं, शेट, सरकारी माणूस आहे मी. ते म्हणाले, मग अल्लाची मर्जी.
लायसनचं काहीतरी असावं.

९ नोव्हेंबर, दिवाळी
थळला गेलो नाही. रिकाम्या हातानं सणाला जाणं हुद्द्याला शोभत नाही. कोकिळेनं बाजाराला येणाऱ्या कोळणीकडून करंज्या पाठवल्या, सोबत चिठ्ठी: "ह्या दिवाळीलाही नाही. आता शेजारणी विचारतात तेव्हा काय सांगायचं ते लिहून पाठवा." कार्ड काढलं, पत्ता तेवढा लिहिला. करंज्या सगळ्या एका बैठकीत संपवल्या. वर दोन तांबे पाणी प्यायलो. सारण कोरडं झालं असावं.

८ डिसेंबर
कचेरीत हाहाकार. सरकारनं सगळ्यांचे पगार दहा टक्क्यांनी कापले. कारकून टेबलावर डोकी धरून बसलेत. मी सगळ्यांचं सांत्वन केलं. मला स्वतःला काहीच झळ नाही. ज्याला पगारच नाही त्याला सरकार हात लावू शकत नाही. आजवर लोक ज्याला माझी अडचण म्हणत होते, ती माझी तटबंदी निघाली!
कोंडाजी म्हणाला, मंग तुम्ही शंभर टक्के कापलेलेच की! असू दे. त्याचं दुःख ताजं आहे.
आनंदाची बातमी: काटछाट झाली तरी पंतांच्या मागची शेवटची खुर्ची भरणार आहेत. एकच जागा. आणि यादीत नंबर एक कोण?
थळला पोस्टकार्ड टाकलं: "जानेवारीत न्यायला येतो. ट्रंक भरून ठेव."

३१ डिसेंबर
पंतांचा निरोपसमारंभ. हार मी आणला, सतरंजी मी घातली, भाषणही मीच केलं. त्यांच्या स्वयंपाकघराचा उल्लेख करताना गहिवरून आलं. पंतांनी पाठ थोपटली. म्हणाले, रावजी, तुम्ही माझ्यासाठी जे केलंत ते तुम्हालाही ठाऊक नाही. केवढा विनय!

२ जानेवारी १९३२, शनिवार
शांतपणे लिहितो.
नवीन अव्वल कारकुनांनी पेटी उघडली. यादी वाचली. यादीत एकच नाव. मोरू. स्टँपसह, तारीख १२ जून, नोंद माझ्याच अक्षरात.
मी म्हटलं, रावजी घरत बघा. ते म्हणाले, असं नाव नाही. मी म्हटलं, दोन वर्षं इथे आहे, सगळी कचेरी साक्ष देईल. ते म्हणाले, इथे असाल हो, कागदावर कुठायत? मी सांगितलं, अर्ज दिलाय, स्टँप तेवढा राहिला होता. ते म्हणाले, मग बिनस्टँपाच्या गठ्ठ्यात असेल. गठ्ठा कुठाय?
कोंडाजी म्हणाला, साहेब, त्या गठ्ठ्यावर तर रावजींनी आंघूळ केली.
सगळे हसले. मोरू हसला नाही. खाली बघत राहिला. ते जास्त लागलं.
तिथल्या तिथे राजीनामा लिहून दिला. तो दुपारी परत आला. शेरा: सदर इसम नोकरीत नसल्यामुळे राजीनामा घेता येत नाही. मोरूनंच आणून दिला. हळूच म्हणाला, रावजीदादा, यालाही स्टँप लागतो.

४ जानेवारी
डोकं चालवलं. अब्दुस्समद शेटची वखार आहेच की! पेन्शन नसली म्हणून काय झालं, रेवसची हवा चांगली. पहाटेच निघालो. वाटेत अटी ठरवल्या: रविवारी सुट्टी, आणि मला मुनीम न म्हणता सेक्रेटरी म्हणावं.
वखारीत खिडकीजवळच्या खुर्चीत पंत बसले होते. नाकावर चष्मा, कानावर टाक, अंगावर वारा. पेन्शन तिकडून, पगार इकडून. अहो या या रावजी, म्हणाले, ती चिठ्ठी तुम्हीच तर आणलीत! शेट बिचारे खाली मान घालून म्हणाले, मी तुम्हाला दोनदा विचारलं, रावजीभाई. खरं आहे. दोनदा विचारलं.
निघताना पंत म्हणाले, घरी वाल भिजत घातलेत, जाता जाता तेवढं बघा. नाही म्हणवेना. सोलून आलो.
त्याआधी वाटेत बांधावर बसून रडलो. कोकिळेनं ट्रंक भरली असेल. (ही ओळ खोडायची नाही.)

१० जानेवारी, रविवार
थळला गेलो. कोट नेला नाही. ओटीवर ट्रंक होती, वर घडी घातलेलं नवं लुगडं. सासऱ्यांना सगळं खरं सांगितलं. स्टँप, गठ्ठा, बंब, सगळं. ते नारळ सोलत राहिले. मी म्हटलं, वाडीत काही काम असेल तर मी तयार आहे.
हातातला नारळ सोलून बाजूला ठेवला नि म्हणाले, र्‍हावा हितं. जेवान हाय, जागा हाय, लेक हाय. काम तर लई हाय. पन पगाराचा इचाराल, जावयबापू, तर आधी उमेदवारी करा. नारळ पाडाया माजा जुना गडी हाय. तो थकला, का जागा तुमचीच.
आतून कोकिळा मोठ्यानं हसली. बापासमोर एवढी हसलेली पहिल्यांदाच ऐकली. मग ट्रंक उचलून आत घेऊन गेली. पाणी आणलं. तांब्या धरून ठेवला. मीही सोडला नाही.
संध्याकाळी गडी पाहिला. साठीचा असेल. अजून माडावर सरसर चढतो. पण उतरल्यावर दोनदा खोकला.
ज्येष्ठमध देणार नाही.