पाचव्या पानावरचं तुझं नाव

तिरुवैयारु,
रविवार सकाळ

प्रिय राघवेंद्र,

चार वर्षांनी तुला लिहितेय, तेही देवनागरीत. सेतुमाधवमामांच्या माडीवर आपण बाराजण ही अक्षरं गिरवायला जमायचो, आणि वर्ग सुटला तरी घरी जावंसं वाटायचं नाही म्हणून नदीवर जायचो. आपलं मंडळ झालं ते असं. आपल्या घरांतून मराठी बोलतात, पण लिहितात-वाचतात तामिळच; त्यामुळं घरात हे पत्र कुणालाच वाचता येणार नाही, एवढी सोय आहे. चुका दिसल्या तर हसू नकोस.

कावेरीला पाणी आलंय. सकाळी पायऱ्यांवर बसलं की पाणी कुठं संपतं आणि आकाश कुठं सुरू होतं ते कळत नाही. पलीकडची केळीची बाग कोवळ्या उन्हात तरंगत असल्यासारखी दिसते. कुठल्या तरी घरात कुणी व्हायोलिन शिकतंय. सूर चुकतो, थांबतो, पुन्हा पहिल्यापासून येतो. ऐकता ऐकता मला वाटायला लागतं, मी अजून बावीसचीच आहे आणि तू ओल्या पायांनी वर येऊन शेजारी बसणार आहेस.

तुला सगळं ठाऊक आहे, तरी एकदा क्रमानं लिहू दे. तामिळ आडी महिन्यातला अठरावा दिवस, नदीच्या पूजेची ती गर्दी. आपण पिवळे टी-शर्ट घालून म्हाताऱ्या माणसांना हाताला धरून पाण्यात उतरवत होतो. पापनाशमहून आलेल्या एका बाईंची सोन्याची साखळी गेली, आणि जवळ होतो आपणच. दुसऱ्या दिवशी पेपरात, पाचव्या पानावर: ‘मदतीच्या नावाखाली चोरांची टोळी?’ खाली एकच नाव होतं, तुझं. कारण साखळी गेली तो अर्धा तास तू कुठं होतास, हे तू कुणालाच सांगितलं नाहीस. दहा दिवसांनी साखळी त्या बाईंच्याच घरी, वाळवून ठेवलेल्या साडीच्या घडीत अडकलेली सापडली. ते मात्र कुणी छापलं नाही. तोवर कॉलेजच्या ऑफिसातली तुझी ठरलेली नोकरी गेली होती आणि तू गाव सोडून होसूरची बस धरली होतीस. बहुतेक मुलींना घरून मनाई झाली. बाराचे आम्ही चार उरलो.

गेल्या वर्षी एके दिवशी मी तंजावूरला त्या पेपरच्या ऑफिसात जाऊन बसले. नटराज नावाचे वार्ताहर आहेत, पन्नाशीचे, बोलताना डोळे चोळत राहतात. आमच्या मंडळाबद्दल काही चांगलं छापा, म्हटलं. ते म्हणाले, “अम्मा, चांगलं काम रोज चालतं. रोज चालतं ती बातमी नसते.” मी उठले नाही. मग त्यांनीच कागद पुढं सरकवला. “कोण, कुठं, किती वाजता, किती जण. एवढंच लिहा. स्वतःचं कौतुक नको.”

तेव्हापासून दर शनिवारी चार ओळी पाठवत राहिले. दोन महिने काही आलं नाही. मग एक बातमी आली, हवामानाच्या चौकटीखाली: ऐंशीचे राममूर्ती ताता सहा वर्षांनी नदीत उतरले, मंडळाच्या दोन मुलींनी हात धरले होते. ताता तो पेपर घेऊन गल्लीभर फिरले. पुढच्या रविवारी पाच नवी मुलं आली. आज आम्ही तेवीस आहोत, त्यात नऊ मुली.

गेल्या महिन्यात नटराज स्वतः आले. पॅंट गुडघ्यापर्यंत दुमडून सकाळभर पायरीवर बसले, काही लिहिलं नाही. निघताना म्हणाले, “त्या वर्षी मी इथं आलोच नव्हतो. फोनवर ऐकलं आणि लिहून टाकलं.” आता मंडळावर अर्धं पान येणार आहे, आणि त्यात जुन्या बातमीचा खुलासाही. पण त्यांनी मला समजावलं की खुलासा म्हटला की नाव पुन्हा छापावं लागतं. जे विसरले होते त्यांनाही आठवेल, आणि लोक विचारतील, मग तो अर्धा तास होता कुठं?

ते मला ठाऊक आहे. पायऱ्या संपतात तिथून थोडं वर, झाडाखाली, माझ्याजवळ. बायकांनी पूजेत सोडलेले पिवळे दोरे आणि फुलं वाहत चालली होती, आणि तू मला एक गोष्ट विचारलीस. उद्या सांगते म्हटलं होतं. उद्या तो पेपर आला. माझं नाव येऊ नये म्हणून तू गप्प राहिलास, आणि अप्पांच्या भीतीनं मी तुला गप्प राहू दिलं. पेपरची चूक पेपरनं केली, ही माझी आहे. ‘त्या वेळी राघवेंद्र माझ्यासोबत होता’ एवढं वाक्य मी तामिळमध्ये लिहून सही केलीय. परवा ते अप्पांना दाखवलं. ते कागद घेऊन ओट्यावर बसले. मग विचारलं, “तो पोरगा काहींच बोलला नाहीं?” मी म्हटलं, नाही. त्यांनी पेन मागितलं. मी तुझं नाव तामिळ वळणानं, शेवटी ‘न’ लावून लिहिलं होतं. तो ‘न’ त्यांनी खोडला आणि म्हणाले, “आपल्यांत असं लिहीत नाहींत.” कागद आता माझ्याकडं आहे. तू हो म्हणालास तर तो नटराजांना देईन. नको म्हणालास तर कावेरीत सोडीन, आणि रागावणार नाही. तू विचारलेल्या गोष्टीचं उत्तर मात्र त्या कागदात नाही, या पत्रातही नाही. ते ऐकायला तुला इथं यावं लागेल.

तुझीच,
दिव्यश्री