उभ्या शिडीचं जहाज

प्रिय आबा,

काल मी ते जहाज आतून बघून आलो. हे पत्र आधी कच्चं लिहिलं, आता नीट उतरवून काढतो आहे. वर्षभर मनात काय धरून बसलो होतो ते मी कोणालाच सांगितलं नव्हतं. निदान तुम्हाला तरी सांगायला हवं ना?

हजीऱ्याकडे खाडीत जुनी जहाजं लोकांना बघायला उघडली, तेव्हा तुम्ही पेपरातला फोटो कापून मला दाखवला होता. म्हणालात, "तीस वरीस कापड विनं. ते ज्यामा बसीसन परदेशले जास, ते आतून कसं शे ते तरी देखू दे."

मी नेहमीसारखा आधी एकटा जाऊन आलो. तिकीटखिडकीपाशी उभा राहून फक्त शिडी बघितली. लिंबायतला घरी येऊन सांगितलं, शिडी फार उभी आहे, तुमच्या हृदयात स्टेंट आहे, जायचं नाही. डॉक्टर हो म्हणाले होते, तरी मी नाही म्हणालो. तुम्ही भांडलात का नाही, आबा? नुसतं "बरं" म्हणालात आणि फोटो घडी करून खिशात ठेवलात.

मग तुम्ही दर गुरुवारी उधन्याच्या तुमच्या जुन्या लूम कारखान्यात, मागावरच्या मित्रांना भेटायला जाऊ लागलात. पोचल्यावर फोन करायचा, ही माझी अट. तुमचा फोन यायचा, मागे मशिनचा खडखडाट, "पोचलो रे." मला हायसं वाटायचं.

पाच महिन्यांनी तुम्ही दुपारच्या झोपेतून उठलाच नाहीत. लोक म्हणाले, पुण्यवान माणूस, त्रास झाला नाही. मला मात्र ते "बरं" ऐकू येत राहिलं. माणसानं एवढ्या वर्षांत एकच गोष्ट मागितली आणि मी तीही अडवली.

वर्षश्राद्ध झाल्यापासून आई मागे लागली होती, "जाय ना भाऊ, एकदाव ते जहाज देखी ये." शेवटी काल गेलो. शिडीवर दोन्ही हातांनी दोर धरून एकेक पायरी चढत होतो. मागची बाई म्हणाली, "भाई, चालो ने, जहाज छूटी जशे." जागचं न हलणारं जहाज सुटेल म्हणे! सगळे हसले.

खाली यंत्रखोलीत दिव्यांसाठी जनरेटर चालू होता. कानठळ्या बसत होत्या. माहिती सांगणारे चाचा, जुने खलाशी, त्यांनी शिडीवर उभ्या असलेल्या सोबत्याला हाक मारलीच नाही. कानाची पाळी चिमटीत धरली आणि दोन बोटं दाखवली. सोबत्यानं मान हलवली. दोन चहा.

आबा, ही तर लूमवरची खूण. गरम ग्लासानं बोट भाजलं की आपण कानाला लावतो, म्हणून मागांच्या आवाजात कानाची पाळी म्हणजे चहा. ती जहाजावर कशी आली?

यंत्रखोलीच्या दाराशी आल्यावर चाचांना विचारलं. म्हणाले, "लिंबायतवाले काकाने सिखाया. हर गुरुवार आते थे. यहीं दरवाजे में खडे होकर घर फोन लगाते. मैंने बोला, काका, ऊपर जाके बात करो ना. बोले, नहीं, मशिन की आवाज चाहिये, बेटा समझेगा लूम पे हूँ."

मी तिथल्याच लोखंडी पायरीवर बसलो. चाचा घाबरले, "चक्कर आया क्या?" मी म्हणालो, ते माझे वडील. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "अच्छा, तो आप वो बेटा!" काय काय सांगून ठेवलं होतंत माझ्याबद्दल? शिडीचं विचारलं, तर म्हणाले, "हमसे अच्छा उतरते थे."

घरी आई लसूण सोलत होती. मी विचारलं, तुला माहीत होतं? मान वर न करता म्हणाली, "मंग डबा कोन भरी देत व्हतं?"

"मग वर्षभर सांगितलं का नाहीस?"

"सांगानं नाही, अशी त्यास्नी शपथ घाली व्हती. म्हनीसन त तुले धाडं. आनि तू तरी कधी सांगं, तुन्हा मनमा हाई शे म्हनीसन?"

मी तिच्याजवळ बसून लसूण सोलायला घेतला.

खोटं बोललात, आबा. थोडा राग आहेच. एखाद्या पायरीवरून पाय सटकला असता तर कोणी सांगितलं असतं मला? बघा, मी अजून तसाच आहे. पण ते "बरं" आता ऐकू येत नाही. तुम्ही ते माझं ऐकायचं म्हणून म्हटलंच नव्हतं. तुम्ही बघून घेतलंत, मन भरेपर्यंत, हे कळलं आणि आज कितीतरी दिवसांनी नीट जेवलो.

जेवताना आईनं विचारलं, "मले चढता ई का रे ते?" तिच्या गुडघ्यांचं तुम्हाला माहीत आहे. नाही हा शब्द माझ्या तोंडात तयार होता. तो घासाबरोबर गिळला.

येत्या रविवारी तिला नेतो. आधी एकटा जाऊन बघून येणार नाही, हे वचन. शिडीवर तिनं मागितला तरच हात देईन, नाहीतर मागे उभा राहीन आणि तिला तिच्या वेळानं चढू देईन.

तुमचा,
वो बेटा, योगेश